अकरा खेळाडू, बारा माणसं

कोल्हापुरातल्या एका पेठेच्या तालमीची स्मरणिका निघतेय. तिच्या फुटबॉल संघाचे जुने फोटो स्कॅन करून दुरुस्त करायचं काम माझ्याकडं आहे. आमच्याकडं फुटबॉल तालमीतच वाढला. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल, दिलबहार या नावांतच आखाडा आहे. संघाचं दप्तर म्हणाल तर भिंतीवरचे फोटो. इतिवृत्ताच्या वह्या कुणी ठेवल्याच नाहीत, त्यामुळं एक फोटो खराब झाला की एक हंगाम गेला.

हा फोटो काचेला चिकटला होता. फ्रेमवाले काच आणि फोटोमध्ये पुठ्ठ्याची पट्टी घालत नाहीत, तिथंच घात होतो. पावसाळ्यात फोटोवरचा जिलेटिनचा थर फुगतो, काचेला लागतो आणि तिथंच वाळतो. असा फोटो ओढायचा नाही. ओढला की चेहरे काचेवर राहतात आणि हातात पांढरा कागद येतो. काचेसकट कॅमेऱ्याखाली ठेवायचा, दोन्ही बाजूंनी 45 अंशांत दिवे लावायचे, भिंगावर पोलरायझर, म्हणजे काचेची चमक मारणारा फिल्टर चढवायचा. सुदैवानं फक्त वरचा कोपरा चिकटला होता, खेळाडू वाचले होते.

खाली पांढऱ्या रंगानं ‘सन 1952’ लिहिलेलं. तारीख मी तशीच मान्य करत नाही, आधी चेंडू आणि पाय बघतो. चेंडू वादीचा होता, म्हणजे ब्लॅडर आत घालून चामड्याच्या वादीनं तोंड आवळलेला. अकरांपैकी पाच जण अनवाणी, घोट्यांना पट्ट्या. हे जुळतं. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचेही बहुतेक खेळाडू अनवाणी होते. 1952 ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियानं 10-1 नं हरवलं, त्यानंतर बूट सक्तीचे झाले.

अडलं ते खाली बसलेल्या रांगेत, डावीकडून तिसऱ्यापाशी. चेहरा मिशीवाल्या गड्याचा, नडग्या मात्र पोराच्या, काडीसारख्या. बाकी सगळ्यांच्या नाकाची सावली डावीकडं, याची उजवीकडं. मोठे दिवे बंद करून एकच टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून आडवी धरली. मानेभोवती कडा उठून दिसली. दुसऱ्या फोटोतलं डोकं कापून, खळीनं चिकटवून, जोड पेन्सिलीनं बुजवला होता. हात इतका सफाईदार की समोरून बघितलं तर कळत नाही. खळीला कसर लागलेली, म्हणून कानापाशी कागद किंचित सुटला होता. त्या वेळचे स्टुडिओवाले गैरहजर माणसाला असंच बसवायचे.

समितीनं तालमीतल्या सगळ्यात जुन्या खेळाडूंना नावं सांगायला आणलं. एक आजोबा, वय 87. पडद्यावर फोटो मोठा केला, तर ते बराच वेळ त्या नडग्यांकडंच बघत राहिले.

“ते मुंडकं माझं न्हाई, पोरा. अंग माझं हाय.”

अंतिम सामना जिंकल्यावर मूळ खेळाडू सुगीसाठी गावी गेला. फोटोग्राफर तर ठरलेला. मग तालमीत चेंडूला तेल लावणाऱ्या चौदा वर्षांच्या पोराला जर्सी घालून बसवलं. गावाहून परतलेल्या गड्याचं डोकं नंतर त्याच्या लग्नाच्या फोटोतून आलं. फोटोच्या मागं पेन्सिलीनं अकरा नावं आहेत, पोराचं नाही. पुढं ते स्वतः बारा वर्षं याच संघाकडून खेळले, पण पहिला फोटो म्हणून हाच सांगतात.

समितीतल्या एकानं तोपर्यंत मोबाइलवर तो फोटो चेहरे स्पष्ट करणाऱ्या ॲपमधून काढला होता. मानेचा जोड गायब, सगळ्यांना पापण्या आल्या. या फोटोत एक डोकं जेमतेम 6 मिलिमीटरचं. 1200 डीपीआयला, म्हणजे इंचाला 1200 ठिपके धरून स्कॅन केलं तरी उभ्यात 280 च्या आसपास ठिपके मिळतात. त्यात पापणी नाहीच, ॲप ती मनानं काढतं. असा चेहरा नातवानं ओळखला तरी तो आजोबांचा नसतो. मी धूळ, बुरशीचे डाग आणि ओरखडे काढतो. जोडाला हात लावलेला नाही.

समितीचं म्हणणं, विजेत्या संघाच्या फोटोत चिकटवलेलं डोकं दिसलं तर बाकीचे पेठवाले हसतील. त्यांची चुरस मला माहीत आहे, सामन्याला अख्खी पेठ जाते. तरी हे मला पटत नाही. याच गावचा अनिकेत जाधव 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. आता इथल्या फुटबॉलबद्दल बाहेरचे लोक विचारतात, आणि त्यांना दाखवायला आमच्याकडं हेच कागद आहेत.

निघताना त्या आजोबांनी फक्त पायांचा भाग मोठा करून मागितला. उजव्या घोट्यावरची पट्टी आईच्या जुन्या लुगड्याची होती म्हणाले. काठाची रेघ दिसते का बघ म्हणाले. दिसते, दोन बारीक रेघा. आठ बाय दहाची प्रत त्याच दिवशी दिली.

स्मरणिकेसाठी जोडासकटची फाइल पाठवलीय, खाली बारा नावं लिहून. समितीचं उत्तर अजून आलेलं नाही.