हलक्या गिटारच्या शोधात

उजवा खांदा कुरकुरायला लागला तेव्हा मी सगळं खापर गिटारवर फोडून मोकळा झालो. तासभर उभं राहून वाजवलं की मानेपासून दंडापर्यंत सगळं आखडायचं, आणि रात्री त्या कुशीवर झोपता यायचं नाही. फिजिओथेरपिस्ट बाईंनी हात वर-खाली करून पाहिला आणि विचारलं, "तुमच्या गिटारचं वजन किती आहे?" वीस वर्षं जी वस्तू गळ्यात अडकवतोय तिचं वजन मला सांगता येईना. "असेल चार-पाच किलो," असं ठोकून दिलं.

घरी येऊन वजनकाट्यावर चढलो, आधी नुसता आणि मग गिटार घेऊन. फरक आला 2 किलो. पुन्हा केलं तर 2.7. तिसऱ्यांदा 1.8. माणसं मोजणाऱ्या काट्याला एवढ्याशा फरकाचं सोयरसुतक नसतं. शेवटी प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकाचा काटा आणला आणि गिटार पट्ट्यासकट त्याला टांगली. एक हात खाली धरलेलाच होता, न जाणो. आकडा स्थिरावला, त्यातून पट्ट्याचं वजन वजा केलं: 2 किलो 310 ग्रॅम. मी सांगितलं होतं त्याच्या जेमतेम निम्मं.

काटा हातात होताच, म्हणून रिकामी हार्ड केसही टांगून पाहिली. 4 किलो 700! नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच. म्हणजे दर वेळी घराबाहेर पडताना माझ्या उजव्या हातात सात किलो लटकत होते आणि त्यातली गिटार फक्त एक तृतीयांश. हे बाईंना सांगायला जरा लाजच वाटली.

पण तोवर मला हलक्या गिटारचं वेड लागलं होतं. त्यात बऱ्याच जणांनी डोक्यात भरवलेलं की हलकी गिटार जास्त चांगली वाजते. म्हणजे खांदाही सुटेल आणि आवाजही सुधारेल, एका दगडात दोन पक्षी. पुढचे दोन महिने मी दुकानांत, मित्रांच्या घरी, जिथे गिटार दिसेल तिथे तो हुकाचा काटा घेऊन गेलो. लोक बघत. बघू देत.

स्टीलच्या तारांच्या बहुतेक अकूस्टिक गिटार 1.8 ते 2.3 किलोच्या आसपास निघाल्या. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटार दीड किलोच्या आगेमागे. बारा तारांची एक मात्र अडीच किलो भरली. तिला खुंट्याच बारा, त्यामुळे डोकं जड. आणि मग एका मित्राची भरीव लाकडाची इलेक्ट्रिक टांगली तर चार किलोच्या वर! तो ती गळ्यात घालून तीन-तीन तास उभा असतो आणि त्याचा खांदा ठणठणीत आहे. तिथे माझ्या सिद्धांताला पहिला तडा गेला.

दुसरा तडा आवाजाच्या बाबतीत. मित्राला म्हटलं, मी पाठ करून बसतो, तू पाच गिटार एकामागून एक वाजव, तारा सगळ्यांना सारख्याच. सगळ्यात हलकी मला ओळखता आली, कारण तिचा आवाज झटकन उसळायचा आणि तितक्याच झटकन विझायचा. पण मनात भरली ती वजनाने चौथी. सावकाश उमटायची, मागे आस राहायची. पुन्हा ऐकलं, पुन्हा तीच निवडली. म्हणजे हलकेपणाने आवाजात फरक पडतो हे खरं, फक्त तो मला हवा होता त्या दिशेने पडत नव्हता.

गिटार बनवणारे एक ओळखीचे कारागीर आहेत, त्यांना हे सांगितलं. त्यांनी माझा काटा बाजूला ठेवला आणि म्हणाले, "एकूण आकडा घेऊन काय करणार? वजन आहे कुठे ते बघा." मग स्प्रूस लाकडाचा एक सुटा टॉप, म्हणजे गिटारचा समोरचा, भोक असलेला भाग, हातात दिला. जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची फळी, कानाजवळ धरून बोटाने टिचकी मारली तर घंटेसारखी वाजली. गिटारमध्ये हवा हलवण्याचं मुख्य काम ही फळी करते. ती हलकी आणि तरी ताठ हवी, आणि सगळी मेख तिथेच आहे. जाडी दहा टक्के कमी केली तर वजन दहा टक्केच घटतं, पण ताठपणा जाडीच्या घनाच्या हिशेबात जातो, म्हणजे जवळजवळ सत्तावीस टक्के. एवढ्या नाजूक फळीवर सहा स्टीलच्या तारा मिळून सत्तर किलोच्या वर ताण देत असतात. एक अख्खा माणूस दोन किलोच्या डब्यावर कायमचा लोंबकळतोय असं समजा.

टॉप सोडला तर बाकीचं वजन आवाजासाठी तितकं कळीचं नाही, असं त्यांचं म्हणणं. उदाहरणं दोन टोकांची दिली. स्पेनच्या आंतोनियो दे तोरेस यांनी 1862 मध्ये मागची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या करून एक गिटार बनवली, खरं काम टॉप करतो हे दाखवायला. उलट ऑस्ट्रेलियाचे ग्रेग स्मॉलमन टॉप अतिशय पातळ ठेवतात, त्याला आतून कार्बन फायबरची जाळी देतात आणि पाठ व बाजू मुद्दाम जाड, जड करतात, म्हणजे ताकद तिकडे वाया जाऊ नये. त्यांच्या गिटार उचलल्या की जड लागतात, आणि क्लासिकल गिटारवादक जॉन विल्यम्सनी त्याच वाजवल्या.

काट्यावर भर कशाची पडते तेही तेव्हाच कळलं. रोझवूड महोगनीपेक्षा बरंच घन, त्यामुळे त्याच मापाची गिटार पाठ बदलताच जड होते. नेक, म्हणजे गिटारची मान, वाकू नये म्हणून तिच्यात घातलेला लोखंडी ट्रस रॉड, बंद डब्यांच्या खुंट्या, आवाज स्पीकरपर्यंत नेणारा पिकअप आणि त्याची बॅटरी, जाड चकचकीत पॉलिश. पॉलिश सोडलं तर यातल्या कशाचाही आवाजाशी फारसा संबंध नाही.

या सगळ्यात एक मोह मात्र झालाच. कुणीतरी जुनी, 1 किलो 600 ची स्टील-तारांची गिटार विकायला काढली होती. हातात घेतली तर पिसासारखी. आवाज पण मोठा. पण आडवी धरून टॉपकडे तिरकं पाहिलं तर तारा जिथे अडकवतात त्या ब्रिजच्या मागे पोट सुटलेलं आणि पुढे भोकापाशी खड्डा. नेकवरच्या बाराव्या पट्टीपाशी तार इतकी उंच की एका बोटाने सगळ्या तारा दाबायची बॅरे कॉर्ड धरणं म्हणजे शिक्षा. लोक जाड तारा लावायला लागल्यावर गिटार बनवणाऱ्या मार्टिन कंपनीने 1944 च्या अखेरीस टॉपला आतून आधार देणाऱ्या पट्ट्या कोरून हलक्या करणं थांबवलं होतं, ते का, हे त्या पोटाकडे बघून समजलं. परत केली. अजून कधीकधी आठवते.

शेवटी घेतली ती ओएम नावाच्या जरा लहान मापाची, महोगनीची, 1 किलो 950. माझ्या जुन्या गिटारपेक्षा 360 ग्रॅमनेच हलकी. पण पहिल्याच दिवशी खांद्याला फरक जाणवला, आणि तो वजनाचा नव्हता. जुनी होती ड्रेडनॉट, म्हणजे मोठ्या मापाची; तिची बॉडी शेपटाकडे जवळपास साडेबारा सेंटिमीटर खोल असते, ओएमची साडेदहा. उजवा हात तिच्यावरून टाकताना खांदा दोन सेंटिमीटर कमी उचलावा लागतो. वीस वर्षं मी बसलो की उजवा खांदा कानाकडे नेऊन बसायचो. घरच्यांनी जुने फोटो काढून दाखवले, प्रत्येकात तसाच तिरका.

जुनी मी टाकली नाही, पण तिचं डोकं उभ्याने वाजवताना खाली झुकायचं आणि डावा हात नेक पेलत बसायचा, तेवढं दुरुस्त करायचं ठरवलं. बंद डब्यांच्या सहा खुंट्या काढून तोलल्या: 265 ग्रॅम. उघड्या दातांच्या, जुन्या धाटणीच्या सहा: 165. घाईघाईने बसवायला गेलो तर खुंट्या भोकांत डगडगल्या. नव्या धाटणीची भोकं दहा मिलिमीटरची, जुन्या धाटणीच्या खुंट्यांना त्याहून लहान लागतात. मोजायचं सोडून मी फोटो बघून मागवल्या होत्या. भोक लहान करायला मधे बसवायच्या वेगळ्या कड्या (बुश) येईपर्यंत आठवडाभर गिटार बिनतारांची पडून राहिली. बसवून झाल्यावर बोटावर तोलून पाहिली, तर तोल साधायची जागा एक बोटभर बॉडीकडे सरकली होती. शंभरच ग्रॅम, पण लांब टोकावरचे. आता हात सोडला तरी नेक जागची हलत नाही.

पुढच्या वेळी बाईंना नवा आकडा सांगितला. "म्हणजे साडेतीनशेच ग्रॅम कमी?" त्या म्हणाल्या. "बरं, नेता कशातून?" दोन्ही खांद्यांवर घ्यायची गिग बॅग घेतली होती, ती दाखवली. मग त्यांनी पट्टा मागितला, दोन बोटांनी त्याची रुंदी मोजली आणि हा बदला म्हणाल्या. पाच सेंटिमीटरचा होता, आठचा घेतला. भिंतीवर बोटं चढवत हात वर नेण्याचा व्यायाम मात्र अजून रोज आहे. काल पहिल्यांदा वरच्या खुणेच्या जरा पुढे गेलो.