ना ताप, ना खोकला, तरी पॉझिटिव्ह : माझा अनुभव

2021 मधली गोष्ट. माझ्या पित्ताशयात खडे झालेले, ऑपरेशनची तारीख मिळालेली, आणि त्यावेळी ऑपरेशनआधी कोविड टेस्ट कंपल्सरी होती म्हणून जाऊन नाकात काडी घालून घेतली. मला काहीच होत नव्हतं, साधी शिंकसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता मोबाईलवर रिपोर्ट उघडला आणि पॉझिटिव्ह! पहिला विचार काय आला तर सॅम्पलची अदलाबदल झाली असणार. नवऱ्यालाही तेच वाटलं. माझी ताई लॅबमध्ये काम करते, तिला फोन केला तर म्हणाली, अगं ही लॅबमधली आरटीपीसीआर टेस्ट उगाचच पॉझिटिव्ह यायचं प्रमाण कमी असतं, खोटी निगेटिव्हच जास्त येते, तू आधी खोलीत जा, वाद नंतर घाल. हातातली घडी तशीच टाकून गेले.

घरात सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई, त्यामुळे जास्त धाकधूक. खोलीला लागून बाथरूम होतं हे नशीब. खिडकी दिवसभर उघडी, ताट दाराबाहेर स्टुलावर, नवरा ठेवून बाजूला झाला की मी मास्क लावून दार उघडायचे. सासूबाई दाराच्या पलीकडून दिवसातून चार वेळा विचारायच्या, "काही होतंय का गं?" आणि नाही म्हटलं की त्यांचा विश्वासच बसायचा नाही.

खरं कठीण काम म्हणजे फोन करणं. तेव्हा लक्षणं असतील तर लक्षणं सुरू व्हायच्या 2 दिवस आधीपासून कोणाकोणाला भेटलो ते बघायचे, लक्षणंच नसतील तर सॅम्पल दिल्याच्या 2 दिवस आधीपासून मोजायचे. माझी यादी सात जणांची निघाली. ऑफिसातली एक मैत्रीण चक्क चिडली, तुला काही होत नाहीये मग मला कशाला घाबरवतेस म्हणे. आता काय बोलणार! लक्षणं नसलेल्या माणसाकडूनही पसरतो हे मलाही आदल्या दिवशीपर्यंत फक्त बातम्यांत ऐकून माहीत होतं.

माझ्या दिराने दुसऱ्याच दिवशी घरी किट आणून रॅपिड टेस्ट केली, निगेटिव्ह आली, आणि साहेब फिरायला मोकळे. ताईने त्याला फोनवर झापलं. संपर्क आल्यावर लगेच टेस्ट करून उपयोग नसतो, व्हायरस वाढायला वेळ लागतो, 5 व्या दिवसाच्या आसपास करायची, आणि त्यातून लक्षणं नसताना रॅपिड टेस्ट बऱ्याच केसेस सोडून देते, तोवर मास्क लाव आणि घरात बस. पाचव्या दिवशी त्याने परत केली तेव्हा सी ची रेघ (किट नीट चाललं हे सांगणारी) ठसठशीत आणि टी पाशी (पॉझिटिव्ह असेल तरच उमटते तिथे) इतकी पुसट रेघ की मोबाईलचा टॉर्च मारून फोटो पाठवला, ही धरायची का? धरायची. दिलेल्या वेळात दिसली असेल तर कितीही पुसट असली तरी पॉझिटिव्हच, तासाभराने उगवलेली रेघ मात्र धरत नाहीत.

दिवस मोजण्यात आमचा मोठा घोळ झाला. मी सोमवारी सॅम्पल दिलं, रिपोर्ट मंगळवारी, आणि नवऱ्याने कपाटावर चिकटवलेल्या कागदावर मंगळवारपासून मोजायला सुरुवात केली. मोजायचं सॅम्पलच्या तारखेपासून, तो दिवस शून्य. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला तेव्हा लक्षणं नसलेल्यांना 10 दिवसांचा होता (2023 च्या जानेवारीत त्यांनी तो 5 वर आणला, मला कळलं तेव्हा जरा चिडचिडच झाली). मधेच लक्षणं सुरू झाली तर मोजणी तिथून परत पहिल्यापासून, म्हणून चौथ्या दिवशी घसा खवखवला तेव्हा माझी पाचावर धारण बसली, हे लक्षण धरायचं की दिवसभर फोनवर बोलून बसलेला घसा? संध्याकाळपर्यंत गेलं म्हणून मी सोडून दिलं. अशा वेळी साधं खाकरलं तरी संशय येतो.

त्याच रात्री ऑक्सिमीटरवर रक्तातला ऑक्सिजन 89 टक्के. नवरा दाराबाहेरून अँब्युलन्स बोलवू का विचारतोय, मी खोलीत येरझाऱ्या घालतेय, आणि ताई व्हिडिओ कॉलवर शांतपणे म्हणाली, आधी नेलपेंट पूस आणि हात चोळून गरम कर. गडद मरून होतं, एकाच बोटाचं पुसलं. 97.

दहा दिवस झाले, मी बाहेर आले, संपलं असं वाटलं. पण हॉस्पिटलमधून सांगितलं की निगेटिव्ह रिपोर्ट आणा मग तारीख देऊ. बाराव्या दिवशी परत टेस्ट, परत पॉझिटिव्ह, सीटी 34. रिसेप्शनवर मला असं मागे सरकायला लावलं की विचारू नका. सीटी म्हणजे व्हायरस सापडायला मशीनला किती फेऱ्या माराव्या लागल्या तो आकडा, प्रत्येक फेरीत माल साधारण दुप्पट होतो, म्हणजे आकडा जितका मोठा तितका व्हायरस कमी. बरं झाल्यावरही मेलेल्या व्हायरसचे तुकडे नाकात कितीतरी आठवडे सापडू शकतात आणि आरटीपीसीआरला जिवंत मेलेलं कळत नाही. हे मी काउंटरवर समजावायचा प्रयत्न केला, ढिम्म. प्रत्येक वेळी एकच वाक्य, मॅडम सिस्टीम घेत नाही.

शेवटी भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंना गाठलं. त्यांनी दोन मिनिटांत सोडवलं. म्हणाल्या, निगेटिव्हच्या मागे लागूच नका, तीन महिन्यांच्या आत लक्षणं नसताना परत टेस्ट करून काही कळत नाही, पण कोविडनंतर लगेच भूल दिली तर फुप्फुसांना त्रास व्हायचा धोका वाढतो, तुमचं इमर्जन्सी नाहीये, तर आपण 7 आठवडे थांबू. मग तसं फाईलवर लिहून सही केली आणि सिस्टीमने मुकाट घेतलं.

सात आठवड्यांनी ॲडमिट झाले. टेस्ट नाही, नुसता ताप बघितला आणि बोटाला ऑक्सिमीटर लावला. मी येतानाच सगळी नेलपेंट काढून गेले होते, तरी नर्सने दहाही बोटं उलटसुलट करून बघितली.