पावसाळ्यातलं आकाश: आठ इंची आरसा आणि पत्र्याचा भोंगा

8 जून, वसमत
काल संध्याकाळी मृगाचा पहिला पाऊस पडला. आज आठ इंची डॉब्सोनियन दुर्बिणीचा आरसा काढला, डिस्टिल्ड वॉटरनं धुतला आणि सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात बंद केला. दमट हवेत आरशाच्या मुलाम्यावर एकदा डाग धरले की ते जात नाहीत. आता दसऱ्यापर्यंत दुर्बीण कोपऱ्यात. मराठवाड्यातल्या आपल्यासारख्यांचं वर्ष आठच महिन्यांचं असतं, आणि दर पावसाळ्यात मला ते खुपतं.

यंदा ठरवलंय की चार महिने ढगांच्या आरपार बघायचं. वरून येणाऱ्या बऱ्याच लहरी हवेतच अडतात. क्ष-किरणांसाठी थेट उपग्रहच लागतो, म्हणून आपला अ‍ॅस्ट्रोसॅट 2015 साली वर गेला. अवरक्तातलं बरंचसं हवेतली वाफ खाऊन टाकते, म्हणून लडाखमध्ये हानलेला साडेचार हजार मीटर उंचीवर दोन मीटरची दुर्बीण बसवली. जमिनीपर्यंत मोकळ्या पोचणाऱ्या वाटा मुख्यतः दोनच, दृश्य प्रकाश आणि रेडिओ. त्यातल्या रेडिओला ढग आडवे येत नाहीत. पुणे जिल्ह्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या तीस ताटल्या आषाढातही काम करतात, त्या यामुळेच.

मला हवीय हायड्रोजनची रेषा, म्हणजे आकाशगंगेतला हायड्रोजन वायू सोडतो ती रेडिओ लहर: 1420.4 मेगाहर्ट्झ, तरंगलांबी 21 सेंटिमीटर. ती पकडायला पत्र्याचा भोंगा, म्हणजे एक अँटेना, बनवायचाय.

2 जुलै
पहिला प्रयत्न फसला. तेलाचा पंधरा किलोचा चौकोनी डबा कापून त्यात तांब्याची दांडी बसवली होती. भोंगा आकाशाकडे केला काय आणि भिंतीकडे केला काय, पडद्यावर काहीच फरक नाही. खरं तर भिंतीकडे केल्यावर आवाज, म्हणजे रेडिओची खरखर, वाढायला हवा, कारण गरम वस्तू जास्त रेडिओ लहरी सोडते आणि आकाशापेक्षा भिंत कितीतरी गरम असते. वाचल्यावर कळलं की या लांबीच्या लाटेला हा डबा फार रुंद. लाट त्यात एका शिस्तीत न जाता दोन-तीन तऱ्हांनी पळते आणि दांडीच्या वाट्याला त्यातलं थोडंच येतं.

नवीन माप: पेटी 16.5 बाय 8.25 सेंमी, तिथून पत्रा उघडत उघडत तोंड 75 बाय 60 सेंमी. बाजारात धान्याच्या कोठ्या बनवणारे चाचा आहेत, त्यांच्याकडे कागदी नमुना घेऊन गेलो. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "भैय्या, वरून उघडी, खालून निमुळती. ह्यात दाणे भरणार तरी कसे?" काय करायचंय ते सांगितल्यावर त्यांनी कडा दुहेरी दुमडून दिल्या आणि डागही आतून दिला. मजुरी मात्र कोठीचीच घेतली.

14 जुलै
अजून एक चूक, लिहून ठेवतो म्हणजे दुसऱ्या कुणाचा आठवडा जाणार नाही. दांडीची लांबी पाव तरंगलांबीहून किंचित कमी, पाच सेंमी ठेवली. ते बरोबर. पण मागच्या भिंतीपासूनचं अंतरही मी पाव तरंगलांबी म्हणजे 5.3 सेंमी धरलं होतं. पेटीच्या आत लाट लांबते. 16.5 सेंमी रुंदीच्या पेटीत 21 सेंमीची लाट 27 सेंमीच्या वर जाते, म्हणून अंतर हवं 6.9 सेंमी. जुनं भोक बुजवून नवं पाडलं. भिंतीकडे वळवल्याबरोबर आवाज चढला! पुढे फिल्टरवाला अ‍ॅम्प्लिफायर, त्यापुढे एसडीआर डोंगल (यूएसबीला लावायचा छोटा रेडिओ) आणि लॅपटॉप.

चाचांच्या हातून एका बाजूला अर्ध्या सेंटिमीटरचा पोचा आलाय. मी ओशाळून हिशेब केला आणि निश्चिंत झालो. परावर्तक पृष्ठभागाची चूक तरंगलांबीच्या आठव्या भागात हवी, हा आरसा घासणाऱ्यांचा जुना नियम. हिरवट-पिवळ्या प्रकाशासाठी ती मर्यादा सुमारे 70 नॅनोमीटर पडते. माझ्या आठ इंची आरशाला तिथवर न्यायला सिरियम ऑक्साइडनं पॉलिश करण्यात आणि फुकोच्या चाचणीनं तपासण्यात आख्खा हिवाळा गेला होता. 21 सेंमीच्या लाटेला तोच नियम लावला तर अडीच सेंटिमीटरपर्यंत माफी आहे! भोंगा म्हणजे काही आरसा नव्हे, पण पोचा दिसण्याइतकी बारीक नजर त्या लाटेला नाही. जीएमआरटीच्या 45 मीटरच्या ताटल्या पत्र्याच्या नसून तारांच्या जाळीच्या का, हे मला चाचांच्या पोच्यामुळे कळलं. जाळीतून वारा निघून जातो, पण मीटरभर लांबीच्या लाटेला ती जाळी सपाट आरशासारखीच.

या माफीची किंमत दुसरीकडे चुकवावी लागते. माझा आठ इंची आरसा अर्ध्या-पाऊण विकलेवर (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) असलेले दोन तारे वेगळे दाखवतो. भोंग्याची नजर पंधरा-वीस अंश रुंद, चंद्राच्या तीस-चाळीस पट. 21 सेंमीवर आठ इंची आरशाइतकं बारीक दिसायला सुमारे 77 किलोमीटर व्यासाची ताटली लागेल. तशी कुणी बांधू शकत नाही, म्हणून लहान ताटल्या दूरदूर पसरून त्यांचे संकेत जोडतात. जीएमआरटी अशी 25 किलोमीटरवर पसरलेली आहे.

19 ऑगस्ट
दिसलं!

आपल्या अक्षांशावर डोक्यावरून जातो तो शर तारकासमूह, आणि तिथे आकाशगंगेचा पट्टाही येतो. त्यामुळे भोंगा सरळ वर करून ठेवला, फिरवण्याची भानगडच नाही. तोंडावर प्लास्टिक ताणून बांधलंय. 1951 साली हार्वर्डला इवेन आणि पर्सेल यांनी ही रेषा पहिल्यांदा पकडली, तेव्हा त्यांच्या खिडकीबाहेरच्या भोंग्यातून पावसाचं पाणी प्रयोगशाळेत शिरायचं. ते आधीच वाचलं होतं.

रात्री दहाच्या सुमारास भुरभुर पाऊस होता, एकही तारा नाही. दहा-दहा मिनिटांची सरासरी घेत गेलो आणि त्यातून पहाटेची, म्हणजे पट्टा बाजूला सरकल्यावरची नोंद वजा केली. 1420.4 च्या जागी स्पष्ट उंचवटा आला, शेजारी खालच्या बाजूला दुसरा, ठेंगणा. एका सेकंदाला एक किलोमीटर वेगानं दूर जाणारा हायड्रोजन जवळपास 4.7 किलोहर्ट्झनं खाली सरकतो. म्हणजे तो ठेंगणा उंचवटा आपल्यापासून दूर पळणाऱ्या वायूचा. पृथ्वीची स्वतःची गती वजा करायची राहिलीय, म्हणून आकडा आत्ता लिहीत नाही. मधेच लाईट गेली, तेव्हा आलेख एकदम निवळला. शेजारच्या शेतातल्या मोटारींचे स्टार्टर आणि एलईडी दिवे किती गोंगाट करतात, ते त्या अंधारात कळलं.

3 सप्टेंबर
मनात धाकधूक होती की हा एखाद्या टॉवरचा तर खेळ नाही? आज उंचवटा नऊलाच शिखरावर आला. पंधरा दिवसांत तासभर आधी, रोज चार मिनिटं. मोटार आणि टॉवर घड्याळावर चालतात, तारे असे चार मिनिटं आधी येतात. हायड्रोजनच आहे. घरातल्या सगळ्यांना उठवून आलेख दाखवला.

हे लिहिताना औंढ्याची आठवण निघणारच. आमच्याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहतंय, गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशालाच ताणणारे तरंग, टिपणारी वेधशाळा. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं त्याला अंतिम मंजुरी दिली. तिथे ना भिंग, ना ताटली. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहून कमी पडणारा फरक मोजायचा. अशा यंत्रांनी 17 ऑगस्ट 2017 ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर टिपली. दोनेक सेकंदांत उपग्रहाला गॅमा किरण दिसले, अकरा तासांत चिलीतल्या एका मीटरच्या दुर्बिणीनं वासुकी तारकासमूहातली दीर्घिका शोधून काढली, आणि दोन आठवड्यांनी रेडिओ संकेत आले. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते एका मीटरच्या दुर्बिणीचं काम. कुठे बघायचं हे लवकर कळलं, की लहान आरसाही पुरतो. औंढ्याची जोड मिळाली की ती दिशा आणखी नेमकी ठरेल.

5 ऑक्टोबर
आकाश धुऊन निघालंय. सोयाबीनच्या मळणीची धूळ अजून उडायला लागलेली नाही, त्यामुळे हे दोन-चार दिवस सोन्याचे. आरसा बसवला, कोलिमेशन (आरशांची सरळ जुळवणी) केलं, गच्चीचा तापलेला स्लॅब टाळून अंगणात मांडलं. साडेसातला एम 27, डंबेल तेजोमेघ. नेमका डोक्यावर, जिथे डॉब्सोनियन वळवणं सगळ्यात जिकिरीचं. 48 पटीवर फिकट, चावलेल्या सफरचंदासारखा दिसला. दोन महिने भोंगा ज्या तुकड्याकडे बघत होता, त्याच तुकड्यात हा. पण आलेखात त्याचा मागमूस नव्हता आणि आयपीसमध्ये आकाशगंगेतल्या त्या हायड्रोजनचा नाही.

दुसऱ्या भोंग्याचा पत्रा काल चाचांकडे टाकून आलो. दोन भोंगे अंगणाच्या दोन टोकांना ठेवून, सूर्याकडे रोखून त्यांचे संकेत जोडून बघायचेत. दोन्ही डोंगल एकाच घड्याळावर कुणी चालवले असतील तर सांगा, माझं तिथेच अडलंय.