चोलोलो : टांझानियातील एका कोरडवाहू इकोव्हिलेजमधील माणसे आणि त्यांचे कसब

टांझानियाची राजधानी दोडोमा ज्या पठारावर वसलेली आहे, ते समुद्रसपाटीपासून १,१०० मीटरांहून अधिक उंचीवर आहे आणि तेथे वर्षाकाठी साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही डिसेंबर ते एप्रिल अशा एकाच हंगामात. सांगोला, आटपाडी किंवा माण-खटावच्या माणसाला हे चित्र नवे वाटणार नाही. फरक एवढाच की विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे तेथील पेरणी नाताळाच्या आगेमागे होते आणि सुगी मे-जूनमध्ये. या पठारावर शहरापासून साधारण ४० किलोमीटर अंतरावर चोलोलो हे वागोगो समाजातील शेतकरी-पशुपालकांचे गाव आहे. २०११ ते २०१४ या काळात युरोपीय संघाच्या अर्थसाहाय्याने, आणि दोडोमा येथील ग्रामीण विकास नियोजन संस्थेच्या नेतृत्वाखाली स्थानिक प्रशासन, कृषी संशोधन केंद्र व स्वयंसेवी संस्था एकत्र येऊन, येथे हवामानबदलाला तोंड देऊ शकेल असे इकोव्हिलेज, म्हणजे पर्यावरणपूरक गाव, उभे करण्याचा प्रकल्प राबवला गेला.

इकोव्हिलेज म्हटले की शहर सोडून आलेल्या, विचाराने एकत्र आलेल्या मंडळींची वसाहत आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. चोलोलो तसे नाही. येथील माणसे आधीपासून येथलीच आहेत. त्यांच्या चालू संसारात, शेतात आणि गोठ्यात वीसेक नव्या पद्धती आणून त्यांतील कोणत्या टिकतात हे पाहणे, असे या प्रयोगाचे स्वरूप होते. त्यामुळे पाट्या वाचत आणि यंत्रे बघत गावातून फिरणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही. कोण काय करतो, ते त्याला कोणी शिकवले आणि बिघडले तर कोण दुरुस्त करतो, हे विचारत हिंडावे लागते. मी जूनमध्ये, सुगी आटोपत असताना गेले, आणि पुढे जे लिहीत आहे ते जाऊ इच्छिणाऱ्यांना उपयोगी पडावे अशा बेताने लिहीत आहे.

दार-एस-सलामहून दोडोमाला जाणे आता फार सोपे झाले आहे. जुलै २०२४ पासून विजेवर धावणारी नवी रेल्वे सुरू झाली असून जलद गाडी हे अंतर साडेतीन-चार तासांत कापते. पूर्वी याच प्रवासात बसने जवळपास अख्खा दिवस जात असे. तिकीट आधी काढावे, पासपोर्ट जवळ ठेवावा आणि सामानाच्या तपासणीसाठी वेळ हाताशी ठेवून स्थानकावर पोहोचावे. दोडोमाहून पुढे चालकासह गाडी ठरवणे उत्तम. पावसाळ्यात कच्च्या रस्त्यांवरील कोरडे ओढे अचानक वाहू लागतात, म्हणून त्या दिवसांत उंच चाकांचीच गाडी घ्यावी.

गावात पोचल्यावर थेट कोणाच्या शेतात शिरू नये. टांझानियात प्रत्येक गावाला निवडून आलेला अध्यक्ष आणि सरकारने नेमलेला कार्यकारी अधिकारी असतो. आधी त्या कार्यालयात जाऊन, येण्याचे कारण सांगून, पाहुण्यांच्या वहीत नाव लिहावे लागते. ही औपचारिकता कंटाळवाणी वाटली तरी तिच्यामुळे पुढची सगळी दारे उघडतात. वडीलधाऱ्यांना ‘शिकामू’ म्हणून अभिवादन करावे. ते ‘मराहाबा’ म्हणतात आणि मगच बोलणे सुरू होते. घराबाहेरून ‘होडी’ असा आवाज द्यावा आणि ‘कारिबू’ ऐकू येईपर्यंत थांबावे. स्वाहिली येणारा दुभाषा पुरतो, परंतु वृद्ध स्त्रियांशी बोलायचे असेल तर वागोगोंची किगोगो भाषा जाणणारा माणूसच हवा, तोही शक्यतो बाई असावी.

शेतापासून सुरुवात करावी, कारण येथील खरी विद्या तेथे आहे. परंपरेने येथे जमीन न नांगरता हाताच्या कुदळीने वरवर खरवडून बी टाकत. अशा जमिनीवर कडक पापुद्रा धरतो आणि वळवासारखा जोराचा पाऊस वरच्या वर वाहून जातो. प्रकल्पात बैलांनी ओढायचा, माती न उलटता अरुंद आणि खोल चर पाडणारा मागोये नावाचा फाळ आणला गेला, आणि सऱ्यांमध्ये ठरावीक अंतरावर मातीचे आडवे बंध घालून पाणी जागीच कोंडण्याची पद्धत शिकवली गेली. आपल्याकडे कृषी विभाग ज्याला बंदिस्त सरी म्हणतो, तीच ही. उताराच्या शेतात मात्र एक गोष्ट आपल्यापेक्षा वेगळी दिसते. आपण समतल चर खणताना माती चराच्या खालच्या अंगाला टाकतो. येथील ‘फान्या जू’ पद्धतीत ती वरच्या अंगाला फेकतात, बांधावर गवत लावतात, आणि वरून वाहत येणारी माती त्या बांधाला अडून काही वर्षांत शेताला आपोआप पायऱ्या पडू लागतात. माती उताराविरुद्ध फेकणे कष्टाचे काम आहे, पण हलक्या जमिनीच्या शेतकऱ्याने पाहून यावे असे हे काम आहे. मी तर बराच वेळ तेथेच रेंगाळले.

पिके पाहून मराठी माणसाला घरी आल्यासारखे वाटते : ज्वारी, बाजरी, भुईमूग, चवळी, तीळ. ज्वारीचे ‘मासिया’ आणि बाजरीचे ‘ओकोआ’ हे लवकर तयार होणारे वाण येथे दिले गेले. त्यांची पाळेमुळे हैदराबादजवळच्या पटनचेरू येथे मुख्यालय असलेल्या, कोरडवाहू पिकांवर काम करणाऱ्या इक्रिसॅट संस्थेच्या आफ्रिकेतील संशोधनात आहेत. काही शेतकऱ्यांना बियाणे तयार करण्याचेही शिक्षण मिळाले. टांझानियात अशा शेतकऱ्यांना, सरकारी तपासणीनंतर, आपल्या परिसरात दर्जा घोषित केलेले बियाणे विकण्याची परवानगी असते. शेजारच्या शेतापासून किती अंतर राखायचे, भेसळीची ताटे फुलोऱ्याआधी कशी उपटायची, कणसे वेगळी कशी वाळवायची, हे सांगताना त्यांच्या बोलण्यात जो ठामपणा येतो तो शिकाऊ माणसाचा नसतो.

मग सगळेच ज्वारी-बाजरी का लावत नाहीत आणि पावसाचा भरवसा नसताना मक्याच्या मागे का लागतात, हा प्रश्न मी विचारलाच. उत्तर आकाशात होते. क्वेलिया नावाचे चिमणीएवढे पक्षी प्रचंड थव्यांनी येतात आणि राखण नसेल तर उघडी कणसे पाहता पाहता रिकामी करतात. मक्याचे कणीस पानांत झाकलेले असल्यामुळे त्याला हा धोका फारच कमी. राखणीसाठी पहाटेपासून माणूस लागतो, आणि मुले आता शाळेत जातात. त्यातच मक्याचे पीठ पांढरे, मऊ आणि प्रतिष्ठेचे मानले जाते. वाण कितीही सुधारला तरी राखणदार कोठून आणायचा, या प्रश्नाला कोणत्याही प्रकल्प अहवालात नीट उत्तर मिळेल असे मला वाटत नाही.

पाण्याबाबत दोन पिढ्यांचे ज्ञान शेजारी शेजारी नांदते. येथील नद्या वर्षातील बहुतेक काळ वाळूच्या असतात आणि बायका पात्रात झिरे खणून पाणी काढतात. कोठे खणायचे हे त्यांना पात्राच्या वळणावरून आणि काठच्या झाडांवरून कळते. याच ज्ञानाला जोड देणारा भूमिगत बंधारा वाळूखालचे पाणी अडवतो. विंधन विहिरीवर सौर पंप बसवला गेला आणि शाळेच्या छपरावरचे पाणी टाकीत साठवण्याची सोय झाली. छपराची गोष्ट जरा सविस्तर सांगावी लागेल. वागोगोंचे पारंपरिक घर म्हणजे ‘तेंबे’ : लाकडी मेढी, कुडाच्या लिंपलेल्या भिंती आणि वर मातीचे सपाट धाबे, मध्ये गुरांचा वाडा. मराठवाड्यातील किंवा सोलापूरकडील माळवद पाहिलेल्या माणसाला ते लगेच ओळखू येते. ते दुपारी थंड आणि रात्री उबदार असते. पण त्यावरचे पाणी साठवता येत नाही. भाजलेल्या विटांच्या भिंती आणि पत्र्याचे छप्पर आले की पाणी साठवता येते, मात्र दुपारी आत बसवत नाही आणि विटा भाजायला लाकूड जळते. पर्यावरणाच्या हिशेबात कोणते घर श्रेष्ठ, याचा निकाल मी लावणार नाही. तेंबे बांधू शकणारे हात कमी होत चालले आहेत, एवढे मात्र दिसते.

स्वयंपाकघरात जायला मिळाले तर अवश्य जावे. तीन दगडांच्या चुलीऐवजी माती, वाळू आणि विटांची बंदिस्त चूल अनेक घरी आहे. तिचे तोंड किती रुंद ठेवायचे आणि भांडे किती खोल बसले पाहिजे, याचे माप बोटांनी आणि वितीने घेतले जाते, म्हणून ती गावातच बांधता येते आणि तडकली तर गावातच लिंपता येते. गोबरगॅसचे मात्र तसे नाही. शेणाइतकेच पाणी रोज ओतावे लागते, आणि जेथे हंडाभर पाण्यासाठी चालावे लागते तेथे तो हिशेब सोपा नसतो. जेवणात बाजरीच्या किंवा ज्वारीच्या पिठाची उगाली, म्हणजे पाण्यात घट्ट शिजवलेला पिठाचा गोळा, आणि सोबत ‘म्लेंदा’ असतो. पावसाळ्यात उगवणाऱ्या रानभाज्या वाळवून, कुटून वर्षभर ठेवतात आणि शिजवल्यावर तो भेंडीसारखा तार धरतो. कोणती पाने कोवळी असताना खुडायची आणि कोणती दुसरीत मिसळायची, हे सगळे बायकांच्या तोंडी आहे. तेच धान्य असून भाकरी मात्र कोणी थापत नाही. मी पाण्यावर एक थापून दाखवली. मंडळींनी सौजन्याने खाल्ली आणि उगालीकडे वळली.

गुरे हा वागोगोंचा जुना जिव्हाळा आहे. देशी गाईंच्या सुधारणेसाठी येथे मप्वाप्वा जातीचे वळू दिले गेले. जवळच्याच मप्वाप्वा येथील संशोधन केंद्रात घडवलेल्या या जातीत अर्ध्याहून अधिक रक्त रेड सिंधी आणि साहिवाल यांचे, म्हणजे आपल्याच उपखंडातील गाईंचे आहे. वशिंड आणि लोंबती पोळी पाहून ते कळतेही. कातडी कमावण्याचे आणि त्यापासून चपला, पट्टे करण्याचे प्रशिक्षणही प्रकल्पात होते. झाडाच्या सालीने कमावण्याची ही रीत कोल्हापुरी चपलेच्या कारागिराला परकी वाटणार नाही. मधमाश्यांसाठी पोकळ ओंडके झाडांवर टांगण्याची जुनी पद्धत आणि नव्या पेट्या, दोन्ही दिसतात. आफ्रिकी माश्या फार चिडखोर असल्याने मध अंधार पडल्यावरच काढतात. दिवसा पेटीजवळ जाण्याचा हट्ट पाहुण्याने धरू नये.

हे सगळे पाहून माझे मत असे झाले की येथे रुजले ते जुन्या कामाला येऊन मिळालेले कसब. बैल हाकणाऱ्याच्या हाती नवा फाळ आला आणि माती लिंपणाऱ्या बाईने नवी चूल केली. ज्याचा सुटा भाग शहरातून आणावा लागतो, ते उभे ठेवायला समिती लागते, वर्गणी लागते आणि वाद मिटवणारा कोणीतरी लागतो. सौर पंपाजवळ उभे राहून फोटो काढण्यापेक्षा त्याच्या पाणीपट्टीची वही कोण लिहितो हे विचारावे. बोलणे तेथून रंगत जाते. १९७० च्या दशकात टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांच्या उजामा या समाजवादी धोरणाखाली या भागातील विखुरलेल्या वस्त्या गोळा करून गावे वसवली गेली, तो काळ आठवणारी माणसे अजून आहेत. बाहेरून आलेल्या योजनेकडे ती आदराने पण थोडे अंतर ठेवून पाहतात, आणि त्यात मला वावगे काही दिसले नाही.

जाण्याचा काळ निवडताना हेतू पाहावा. सऱ्या, बंध आणि पेरणी पाहायची असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी. मळणी, साठवण आणि निवांत गप्पांसाठी जून-जुलै. या महिन्यांत रात्री चांगलीच थंडी पडते, स्वेटर न्यावा. भारतीयांना ऑनलाइन व्हिसा मिळतो. तो निघण्याच्या बऱ्याच आधी काढावा. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांबाबत डॉक्टरांना विचारावे. विमान नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे असेल तर पीतज्वराच्या लशीचा नियम जाताना आणि परतताना, दोन्ही वेळा आड येऊ शकतो. लस किमान १० दिवस आधी घेऊन दाखला पासपोर्टसोबत ठेवणे श्रेयस्कर. जून २०१९ पासून टांझानियात प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे, म्हणून सामान बांधतानाच त्या काढून टाकाव्यात.

भेटीची वेळ ठरवताना घोळ होऊ शकतो, कारण स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात : ‘दोन वाजता या’ म्हणजे सकाळी आठ वाजता. गावात कार्ड चालत नाही. लहान नोटा जवळ ठेवाव्यात किंवा दार-एस-सलामलाच सिमकार्ड घेऊन एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे देण्याची सेवा सुरू करावी. शाकाहारी माणसाची अडचण होत नाही. उगाली, राजमा आणि माठासारखी म्चिचा ही पालेभाजी बहुतेक ठिकाणी मिळते, मात्र भाजीत सुकी मासळी आहे का, ते आधी विचारावे. पाणी सोबत न्यावे आणि भरपूर न्यावे. मुलांना गोळ्या-चॉकलेटे वाटू नयेत. काही द्यायचे असेल तर गावच्या कार्यालयात पावती घेऊन द्यावे, आणि ज्यांनी शेत दाखवण्यात दिवस मोडला त्यांची मजुरी आधी बोलून चुकती करावी. मध किंवा चामड्याच्या वस्तू करणाऱ्याकडूनच घ्याव्यात. मधाची बाटली विमानात हातातल्या सामानात चालत नाही, तेव्हा ती कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवावी.