शिट्टी कुठली?

तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करायचा, एवढंच काम माझ्यावर सोपवून बायको खाली भाजी आणायला गेली. मी हेडफोन घालून बसलो. पहिली शिट्टी नीट ऐकली. दुसरीला थोडा घोळ झाला. तिसरी आणि चौथी मी अल्बमच्या खात्यात जमा केली. वरण किती लागलं हे दारातच बायकोच्या नाकाला कळलं.

दोष त्या अल्बमचा. 'डाउटिंग थॉमस' नावाच्या जोडगोळीचा 'द इन्फिडेल', साल 1991, शिकागोच्या वॅक्स ट्रॅक्स कंपनीने काढलेला. केव्हिन की आणि ड्वेन गोएटल हे दोघे मूळचे कॅनडाच्या 'स्किनी पपी' या बँडचे. त्या बँडमध्ये दोन केव्हिन होते. वर्गात दोन संजय असले की एकाचा संज्या होतो, तसा गाणारा केव्हिन 'ओगर' झाला आणि या केव्हिनने आपल्या नावाचं स्पेलिंगच वाकडं करून घेतलं. ओगर स्टेजवर खोटं रक्त माखून आरडाओरडा करायचा. लोकांचे डोळे अर्थातच त्याच्यावर. या अल्बममध्ये तो नाही. साथीदारांनी दार लावून आपल्यापुरती मैफल जमवावी, तसा मामला. गाणं जवळजवळ नाहीच. माणसाचा आवाज येतो तो बहुतेक सिनेमांतून उचललेल्या तुकड्यांचा. कोण बोलतंय, कुणाशी, पत्ता लागत नाही.

हे उचलेगिरीचं यंत्र म्हणजे सॅम्पलर. कुठलाही क्षणभराचा आवाज त्यात साठवायचा आणि पेटीच्या पट्ट्यांसारख्या पट्ट्यांवर वाजवायचा. साध्या सॅम्पलरमध्ये पट्टी खालची घेतली की आवाज खर्जात जातो आणि लांबतोही. दोन सप्तकं खाली उतरलात तर चौपट. दाराची एका सेकंदाची करकर चार सेकंदांचं कण्हणं होते. मग ऐकणाऱ्याने काय ओळखायचं? ढोल म्हणावा तर पिंप वाटतं, व्हायोलिन म्हणावं तर लिफ्ट.

म्हणून मला 'डाउटिंग थॉमस', म्हणजे संशयी थॉमस, हे नाव फार चपखल वाटतं. बायबलमधला येशूचा शिष्य थॉमस म्हणाला होता, क्रुसावर मेलेल्या येशूच्या जखमेत बोट घातल्याशिवाय तो पुन्हा जिवंत झाल्याचं मानणार नाही. बिचारा तेवढ्यावरून कायमचा संशयी ठरला. बाकीच्या शिष्यांनी तर आधीच डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यांचं काय जातंय! हाच थॉमस पुढे केरळात आला अशी तिथल्या ख्रिस्ती लोकांची परंपरा आहे. आणि आपण मुंबईकर रोज त्याच्याच नावाने उतरतो. फोर्टमधलं सेंट थॉमसचं चर्च 1718 सालचं. त्याच्याकडे जाणारा किल्ल्याचा दरवाजा म्हणजे चर्चगेट. दरवाजा गेला, नाव स्टेशनाला राहिलं.

या जोडीचा दुसरा अल्बम आलाच नाही. ऑगस्ट 1995 मध्ये हेरॉइनच्या अतिसेवनाने गोएटल गेला, जेमतेम एकतिसाव्या वर्षी. हे कळल्यापासून मी 'द इन्फिडेल' जरा कंजुषीने ऐकतो. महिन्यातून एकदा, तेही घरी नाही. घरी आता बंदीच आहे.

परवा लोकलमध्ये लावला होता. मरीन लाइन्स गेलं, गाडीचा वेग उतरला आणि लोखंडावर लोखंड घासल्यासारखा एक लांबलचक आवाज सुरू झाला. सुरेख होता, अगदी सुरात. केव्हिनचा की ड्वेनचा, असा विचार करत मी डावा इयरफोन काढला. आवाज होताच. मग उजवाही काढला.