चेंबरलेन आणि ती पीटर्सबर्गची गोळी

अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईचा विषय निघाला की उत्तरेकडून लढलेल्या जोशुआ चेंबरलेनचं नाव येतंच, २ जुलै १८६३, लिटल राउंड टॉप टेकडी, काडतुसं संपत आलेली आणि याची ट्वेंटिएथ मेन रेजिमेंट बंदुकांना संगिनी लावून उतारावरून थेट दक्षिणेच्या अलाबामावाल्यांच्या अंगावर धावून गेली. भारी आहेच ते. पण मला हा माणूस जास्त आवडतो तो नंतरच्या आयुष्यासाठी.

मुळात हा प्रोफेसर. मेन राज्यातल्या बोडिन कॉलेजात भाषा शिकवायचा, लहानपणी बोलताना अडखळायचा, आणि १८६२ मध्ये कॉलेजने युरोपात जायला रजा दिली तर हा सरळ सैन्यात भरती झाला!

जून १८६४ ला व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्गच्या लढाईत गोळी उजव्या खुब्यातून शिरली ती मूत्राशय फाडत पार डावीकडे गेली, तरी पडू नये म्हणून तलवार जमिनीत रोवून तिच्या आधाराने उभा राहिला. डॉक्टरांनी आशा सोडली, उत्तरेचा सरसेनापती ग्रँट याने मरायच्या आधी मान मिळावा म्हणून ब्रिगेडियर जनरल केलं, पेपरात मेल्याची बातमीसुद्धा छापून आली, आणि हा काही महिन्यांत परत सैन्यात हजर. युद्धाच्या शेवटी अपोमॅटॉक्स गावात शरण आलेल्या दक्षिणेच्या सैन्याला याच्याच सैनिकांनी मानवंदना दिली.

मग एकेका वर्षाच्या चार टर्म मेनचा गव्हर्नर, नंतर बोडिनचाच प्रेसिडेंट. हे सगळं अंगात ती जखम घेऊन बरं का, सारखं इन्फेक्शन, ताप, ऑपरेशनं. अवघड जागेचं दुखणं, बोलणार तरी कोणाशी.

जानेवारी १८८० मध्ये मेनच्या निवडणुकीवरून इतका राडा झाला की दोन्ही पक्ष हत्यारबंद माणसं घेऊन ऑगस्टा या राजधानीत जमले. राज्याच्या मिलिशियाचा, म्हणजे नागरी सैन्याचा, प्रमुख हाच होता, पण त्याने सैन्य बोलावलंच नाही, नुसत्या पोलिसांवर बारा दिवस विधानभवन सांभाळलं. मारायला जमाव आला तेव्हा समोर जाऊन कोटाची बटणं सोडली आणि म्हणाला, मारायचंय तर मारा. जमावातलाच एक जुना सैनिक त्याच्या बाजूने उभा राहिला आणि लोक पांगले. कोर्टाने निकाल दिला तो याच्याच रिपब्लिकन पक्षाच्या बाजूने, तरी पक्षातले लोक नाराज, कारण आधीच आपली बाजू का घेतली नाही म्हणून. सिनेटमध्ये जायची त्याची इच्छा होती, ती राहूनच गेली.

२४ फेब्रुवारी १९१४ ला पोर्टलंडमध्ये गेला, ८५ वर्षांचा होऊन. कारण तीच जखम, जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वीची.