मगरीचे अश्रू, काणा डोळा आणि नातीचा तक्ता

गेल्या महिन्यात माझ्या नातीला शाळेतून एक प्रकल्प मिळाला होता. इंग्रजीतले दहा प्रचलित वाक्प्रचार निवडायचे, त्यांचे अर्थ लिहायचे आणि प्रत्येकाची जन्मकथा चित्रासह तक्त्यावर मांडायची. मोबाइलवरून उतरवून घेतलेली दोन पाने घेऊन ती माझ्याकडे आली, कारण मी बत्तीस वर्षे बडोद्यात इंग्रजी शिकवले आहे आणि घरात बसलेल्या निवृत्त मास्तरणीला असल्या कामासाठी वेळ विचारावा लागत नाही. पाने वाचून झाल्यावर मी तिला सांगितले की या दहापैकी निदान सहा कथा कुणीतरी मागाहून रचलेल्या आहेत. त्या सहांपैकी तीन कथा मी स्वतः फळ्यापुढे उभी राहून वर्षानुवर्षे मोठ्या रंगाने सांगितल्या आहेत, हे मात्र तिला सांगायला मला अर्धा तास लागला.

त्यातली पहिली म्हणजे ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’. मुसळधार पाऊस पडणे एवढाच तिचा अर्थ. कथा अशी सांगतात की जुन्या इंग्लंडात घरांची छपरे गवताने शाकारलेली असत, कुत्री-मांजरे उबेसाठी त्या गवतात जाऊन बसत आणि मोठा पाऊस आला की छपरे निसरडी होऊन ती खाली घसरत. ही कथा जगभर पोहोचली ती १९९९ साली ई-मेलने फिरलेल्या, ‘पंधराशे सालातले जीवन’ अशा थाटाच्या एका गमतीच्या मजकुरामुळे. ज्याने कौलारू किंवा शाकारलेले छप्पर एकदा तरी जवळून पाहिले आहे, त्याला एवढे कळायला हवे की धो धो पावसात कुत्रे छपरावर चढत नाही. ते ओटीवर येऊन अंग झटकते. प्रत्यक्षात सतराव्या शतकाच्या मध्यावरच्या इंग्रजी लिखाणात कुत्री आणि मांजरे पावसासोबत पडताना दिसतात, एका नाटकात तर मांजराऐवजी पोलकॅट नावाचे खवट वासाचे, मुंगसासारखे जनावर पडते, आणि आज रूढ असलेले रूप जोनाथन स्विफ्टने १७३८ साली संभाषणातल्या गुळगुळीत झालेल्या वाक्यांची थट्टा करणाऱ्या पुस्तकात वापरलेले आहे. म्हणजे तेव्हाच तो वाक्प्रचार झिजून गेलेला होता. तो मुळात का जन्मला, याचे उत्तर बहुधा एवढेच आहे की अतिशयोक्ती करताना माणसाला कशाचाही आधार लागत नाही. आपण तरी मुसळांचाच पाऊस का पाडतो?

नातीला हे पटले नाही. ‘‘पण आजी, मग मी चित्र कशाचं काढू?’’ असे तिने विचारले, आणि मला वाटते की खोट्या कथा टिकून राहण्याचे खरे कारण त्या प्रश्नातच आहे. त्या कथांचे चित्र काढता येते. ‘रूल ऑफ थंब’ म्हणजे ठोकताळा. पण अंगठ्याहून जाड नसलेल्या काठीने बायकोला मारण्याची मुभा इंग्लंडच्या कायद्यात होती आणि त्यावरून हा शब्दप्रयोग आला, ही कथा अनेकांना पाठ असते. १७८२ साली न्यायाधीश बुलर यांच्या तोंडी तसे मत घालून गिलरे या व्यंगचित्रकाराने त्यांची रेवडी उडवली होती, एवढे खरे. परंतु तसा कायदा नव्हता आणि शब्दप्रयोग त्याच्या शंभर वर्षे आधीपासून छापील पुस्तकांत सापडतो. अंगठ्याने मापणारे सुतार आणि शिंपी यांच्या रोजच्या कामातून तो आला असावा, हे अधिक साधे आणि म्हणूनच अधिक कंटाळवाणे उत्तर आहे.

‘बाइट द बुलेट’ म्हणजे मन घट्ट करून सोसणे. त्याच्या कथेची आपल्याकडची आवृत्ती तर १८५७ पर्यंत जाते आणि चरबी लावलेली काडतुसे दातांनी फोडण्याशी तिचा संबंध जोडला जातो. मीही जोडत असे, कारण त्या तासाला वर्ग टाचणी पडेल तर ऐकू येईल इतका शांत असायचा. वास्तविक काडतुसाचा कागद दातांनी फाडणे आणि वेदना सोसण्यासाठी शिशाची गोळी दातांखाली धरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फटक्यांची शिक्षा भोगताना ओरडू नये म्हणून शिपाई गोळी चावत, अशी नोंद फ्रान्सिस ग्रोसने अठराव्या शतकाच्या अखेरच्या आपल्या बोलभाषेच्या कोशात करून ठेवली आहे. लाक्षणिक अर्थाने हा प्रयोग किपलिंगच्या १८९१ च्या कादंबरीत येतो.

एक कथा मात्र बरीचशी खरी निघाली, आणि तिने आमची संध्याकाळ खाल्ली. २ एप्रिल १८०१ रोजी कोपनहेगनच्या लढाईत माघारीची निशाणी वर चढली, तेव्हा इंग्रज नौसेनानी नेल्सनने दुर्बीण आपल्या निकामी उजव्या डोळ्याला लावली आणि मला निशाणी दिसत नाही असे म्हटले. त्या डोळ्याची दृष्टी १७९४ साली कॉर्सिकातल्या काल्वीच्या वेढ्यात गेली होती. ‘टर्न अ ब्लाइंड आय’ हा प्रयोग या प्रसंगाने प्रसिद्ध केला, जरी आंधळा डोळा वळवण्याची कल्पना इंग्रजीत त्याच्या आधीही होती. मी नातीला सहज म्हटले, आपल्याकडेही अगदी हेच आहे, कानाडोळा. ती म्हणाली, त्यात कान आहे, आंधळा डोळा कुठे आहे? मग मी तिला सांगितले की तो कान नाहीच. मुळात तो काणा डोळा, म्हणजे एका डोळ्याने आंधळा असण्याचे सोंग. ण चा न झाला आणि कान आयता येऊन बसला.

यावर तिने जे म्हटले ते इतकी वर्षे दोन्ही भाषांत वावरूनही मला सुचले नव्हते. गुजरातीत ‘आंख आडा कान करवा’ असे म्हणतात, म्हणजे डोळ्यांच्या आड कान धरणे, आणि त्याचाही अर्थ दुर्लक्ष करणे हाच. शाळेत दिवसभर गुजराती ऐकणाऱ्या मुलीला मराठी कानाडोळ्यात कान दिसणार नाही तर काय दिसेल! दांडिया बाजारातल्या मराठी घरांत असे पुष्कळ होते; शब्द एका भाषेचा आणि त्याला ऐकणारा कान दुसऱ्या भाषेचा.

मगरीच्या अश्रूंवर मात्र आम्हा दोघींचे भांडण झाले नाही, कारण आम्ही बडोदेकर. विश्वामित्रीत मगरी आहेत हे इथल्या पोराला बाराखडीआधी कळते, आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या नदी सोडून वस्त्यांत शिरल्या तेव्हा नातीने गच्चीवरून रस्त्यातल्या पाण्याकडे दिवसभर डोळे लावले होते. शिकार खाताना मगर रडते ही समजूत चौदाव्या शतकात मँडेव्हिलच्या नावावर असलेल्या प्रवासवर्णनाने युरोपभर पसरवली, आणि त्यावरून ढोंगी शोक हा अर्थ पक्का झाला. मी ही समजूतही खोट्यांच्या यादीत टाकायला निघाले होते. पण २००७ साली शेनर आणि व्लीट या दोन अमेरिकन संशोधकांनी पाळलेल्या सात केमन आणि ॲलिगेटर, म्हणजे मगरीच्या भाऊबंदांना, पाण्याबाहेर खाऊ घालून पाहिले, तेव्हा सातांपैकी पाचांच्या डोळ्यांत खाताना खरोखरच पाणी आले, काहींच्या डोळ्यांशी फेसही आला. खाताना ते प्राणी जोराने फुत्कारतात, आणि त्या हवेच्या दाबाने डोळ्यांतले पाणी बाहेर येत असावे, असा त्यांचा तर्क आहे. दुःखाचा त्याच्याशी संबंध नाही, आणि ढोंगाचाही नाही.

माणसांतही हे घडते. चेहऱ्याच्या लकव्यातून बरे होताना मज्जातंतू चुकीच्या जागी जोडले गेले, तर लाळेच्या वेळी अश्रू येतात, आणि वैद्यकात त्याला मगरीच्या अश्रूंचेच नाव आहे. आमच्या जुन्या वाड्यातल्या एका काकांना पंगतीत श्रीखंडाचा पहिला घास घेताच एका डोळ्यातून धार लागे. ती ते उपरण्याने टिपत आणि वाढणाऱ्या बाया म्हणत, काकूंची आठवण आली असेल. काकू तेव्हा स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होत्या.

दहांपैकी जे वाक्प्रचार बाद झाले त्यांच्या जागी दोन मी सुचवले. पांढरा हत्ती चटकन मंजूर झाला, कारण साठमारीच्या या गावात हत्ती पोसण्याचा खर्च कुणाला समजावून द्यावा लागत नाही. दुसरा ‘डूलाली’. इंग्रजीत डोके फिरलेल्या माणसाला हा शब्द लावतात, आणि तो नाशिकजवळच्या देवळालीचा आहे. मुदत संपलेले गोरे सोजीर तिथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत पडून असत. जहाजे हिवाळ्याच्या मोसमातच सुटत, त्यामुळे ज्याची मुदत चुकीच्या महिन्यात संपली त्याला उन्हाळा आणि पावसाळा तिथेच रिकामटेकडेपणाने काढावा लागे. त्या अवस्थेला ते ‘डूलाली टॅप’ म्हणत, आणि यातला टॅप म्हणजे आपला ताप.

तक्ता पूर्ण झाला तेव्हा तिने देवळालीचे चित्र सर्वांत मोठे काढलेले होते. खाटेवर आडवा पडलेला लाल डगल्यातला सोजीर आणि त्याच्या डोक्यातून निघणाऱ्या वाफा. रंग आवरता आवरता मी म्हटले, की बाकीच्या कथा म्हणजे सगळे अंदाजपंचे दाहोदरसे होते. ‘‘हे काय?’’ तिने विचारले. दाहोदरसे म्हणजे एकशे दहा, हे तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ती पाढे इंग्रजीत म्हणते. मग मी ब्रश बाजूला ठेवून बावीसचा पाढा सुरू केला आणि पाचव्या पायरीवर, बावीस पंचे दाहोदरसेला, थांबले.

‘‘पण आजी,’’ ती म्हणाली, ‘‘म्हण यावरूनच आली, हे तुला कुणी सांगितलं?’’